उपसणाऱ्याची जबानी

तिकिटावर तो ताठ उभा आहे, लिमिया,
हात कपाळाशी, नजर ताऱ्यांत.
तुझ्या शाळेच्या भिंतीवरही तसाच.
आणि तू वही घेऊन आलीस विचारायला :
आजोबा, तुम्ही होतात ना लांगीनच्या होडीत?

होतो.
पण नाळेवर नाही, शिडाच्या दोरीशीही नाही.
मी तळाशी. नऊ वर्षांचा. हातात करवंटी.
होडी गळत होती. सगळ्याच गळतात,
तिकिटावर तेवढं काढत नाहीत.

आधी हे लिही की तारे त्याला दिसत नसत.
चाळीस वर्षं पाण्यावरचं ऊन पिऊन
डोळ्यांवर साय धरली होती.
आइलुकच्या पुळणीवर कोण आलं, कोण गेलं,
तो खोकल्यावरून ओळखायचा.

लहानपणी बापाने त्याला रात्री
खाडीत उताणं सोडलं होतं म्हणे,
डोळ्यांवर केवड्याच्या पातीची पट्टी.
सांग, पाठीखालून गेली ती लाट कुठल्या घरची लेक?
उगवतीची? दक्षिणेची? की कुठल्या बेटाला
थडकून, रुसून माघारी निघालेली?
एकदा पोराला तिथेच झोप लागली.
ओहोटीने उचललं, खडकांच्या फटीतून बाहेर नेलं,
सकाळी मासेमारांना सापडला, बोटं सुरकुतलेली.
तुझ्या पुस्तकात ती पहिली सफर.
तो म्हणायचा, डुलकी.

नकाशा होता. झावळीच्या हिरांची जाळी,
गाठीगाठीला कवडी. तो घरी आढ्याला टांगलेला.
लिबोनी, त्याची बायको, त्यावर मासे सुकवायची.
होडीत कधी आणला नाही.
नकाशा घरी विसरता आला पाहिजे, म्हणायचा,
नाहीतर तो शिकलाच नाहीस.

पुस्तकात सतरा बेटं आहेत. मी पाच मोजली.
एकावर डुक्कर कापलं आमच्यासाठी,
एकावर दगड आले.
एकावर एक बाई किनाऱ्यावर आली, पोर कडेवर,
आणि त्या बाईचे कान हुबेहूब लांगीनचे.
कोणी काही बोललं नाही.
त्याने तिच्या हातात गळांची पुडी दिली,
आम्ही पाणी भरलं, निघालो.

बिकारला कासवांसाठी चाललो होतो तेव्हाची गोष्ट.
चौथी रात्र. आभाळ पालथ्या कढईसारखं.
वारा मेला. कामोरने जेवण सोडलं.
कुठे आहोत, विचारलं की लांगीन म्हणे, पोचलोच.
खोटं होतं ते. मला माहीत होतं,
कारण तो माझ्याशेजारी येऊन
तळातल्या पाण्यात उताणा झोपला.

उपसू नकोस, म्हणाला.

मी थांबलो. पाणी घोट्यापर्यंत आलं.
उलांडीकडे गेलं, परत आलं,
मग नाळेकडे, मग परत.
आणि मध्येच एकदा, कसं सांगू,
दोन्हीकडून आलं आणि अडखळलं,
दारात दोघी एकदम पोचल्या,
तू आधी, तू आधी, म्हणत राहिल्या, तसं.
त्याने माझा तळवा धरून तिथे ठेवला.
कळलं?
नाही कळलं. पोट्रीत गोळा आला होता.
पण मी हो म्हटलं.
त्याने ओरडून शीड फिरवायला लावलं.
फिरवायला वारा कुठे होता? वल्ही काढली.

उजाडताना पक्षी. मग फेसाची पांढरी रेघ.
कामोर रडला, त्याच्या गळ्यात पडला.
मला तो एवढंच म्हणाला, आता उपस.

समुद्राने नाही नेला त्याला.
दाढ सडली, ताप चढला. त्याच वर्षी डिझेलची लाँच आली
आणि दोन दिवसांची वाट सकाळच्या आत संपू लागली.
दवाखान्यात खाटेचा एक पाय आखूड होता,
खाली लाकूड सारायला गेले तर
सरकू दिलं नाही त्याने.

लिही की. थांबलीस का?
बाई म्हणाल्या ताऱ्यांविषयी विचारून ये?
गुण त्यालाच आहेत?

बरं.
मग लिही, त्याला तारे खूप आवडायचे.
आणि ते खोटं नाही. कुठे कुठे आहेत,
मला विचारायचा रोज रात्री.