भुर्र

हॅलिफॅक्सच्या चढावर जुनं प्रार्थनाघर आहे,
तिथे आता पाळणाघर चालतं.
रंगीत काचेतला लाल-निळा उजेड
साडेनऊपर्यंत फरशीवर असतो,
आणि रांगणारी पोरं तो चिमटीत धरू बघतात.

मी बाळांच्या खोलीत. तिघांमागे एक बाई, असा नियम.
माझे तिघे: विल्फ, हानिया,
आणि ऑटिली, जिचं नाव जिभेवर बसायला
मला आठवडा लागला.

जेवणानंतर पडदे ओढायचे.
दर दहा मिनिटांनी एकेकाच्या छातीवर हात ठेवायचा,
श्वास वरखाली होतोय ना बघायचं,
तक्त्यावर सही करायची.
दोन तासांत बारा सह्या.
बँकेत होते तेव्हा सहीखाली रक्कम असायची.

भावजय फोनवर हसते,
"लंगोट बदलायला डिप्लोमा लागतो होय गं तिकडे?"
लागतो.
कुठलं रडणं भुकेचं,
कुठलं नुसतं आई वळणाआड गेल्याचं;
डब्यात लाकडी चमचा सोळा वेळा टाकून झाल्यावर
सतराव्यांदा टाकणाऱ्याला
मध्ये न बोलता बघत बसायचं.
ह्याची परीक्षा असते. मी एकदा नापास झाले.
"शाब्बास" फार लवकर म्हणाले म्हणून.

इंग्रजीतच बोलायचं, असं रोज ठरवते.
पण अकरा बाह्या, अकरा टोप्या, एक बूट कायम हरवलेला,
त्या घाईत तोंडून निघूनच जातं:
चला, भुर्र जायचं ना?

विल्फनं नेमकं तेच उचललं.
मंगळवारी संध्याकाळी बापाला दारात बघितलं
आणि ओरडला, भुर्र!
बाप बस चालवतो, भला माणूस.
इकडे भुर्र म्हणजे हुडहुडी.
"हो रे राजा, फारच गारठा," म्हणाला,
टोपी कानांवर ओढली, चेन गळ्यापर्यंत लावली.
पोरगं असलं चिडलं!
कोटातून एक बोट बाहेर काढून
रस्त्याकडे रोखत राहिलं: भुर्र. भुर्र.

मी गप्प राहिले.

गप्प राहिले अजून एका गोष्टीबद्दल.
त्याच दिवशी, अकरा वाजून दहा मिनिटांनी,
शेल्फची कड सोडून तो माझ्याकडे आला होता.
दोन पावलं. तिसऱ्याला बसला,
आणि जमिनीकडे असा बघत राहिला
की जणू तीच हलली.
मॉरीननं दुधाची बाटली हलवता हलवता
मान नाही म्हणून हलवली.
इथे हे लिहीत नाहीत.
मी लिहिलं: केळं अर्धं, झोप पन्नास मिनिटं, डायपर तीन.

शुक्रवारी त्याची आई बुटांवर निळ्या पिशव्या चढवायची विसरून
तशीच आत आली.
"चालला! काल रात्री, फ्रिजपाशी!"
"अय्या, खरंच?" मी म्हणाले, चक्क मराठीत,
आणि तिला ते बरोबर कळलं.

परतताना बसच्या वरच्या मजल्यावर
एकदम इचलकरंजीच्या सुंद्राक्का आठवल्या.
बँकेच्या वेळात मृण्मयी त्यांच्याकडे असायची.
रोज विचारायचे, आज काय केलं हिनं?
पदराला हात पुसत म्हणायच्या,
"काय न्हाई बाई. खाल्लं, झोपली."

मग एका रविवारी ती चालली, माझ्यासमोर,
पलंगापासून थेट कपाटापर्यंत.
पहिल्याच खेपेला,
एकदाही न पडता.