दुसरं अंडं

जानेवारीची सात तारीख. दुर्बिणीच्या काचेवर
माझाच श्वास गोठतो. पुसतो, परत डोळा लावतो.
कपारीत मादी बसलीय, पाठीवर बर्फ,
उठत नाही, म्हणजे अंडं आहे.
जात गिधाडाची, पण अरागॉनच्या या डोंगरात
सगळे तिला हाडफोडी म्हणतात:
हाड उंच न्यायचं, खडकावर सोडायचं,
फुटलं की आतला मगज.
दाढीही आहे, आमच्या पाद्रीबाबांपेक्षा बरी.

आठवड्याने दुसरं अंडं. वहीत नोंद.
नर चोचीत मेंढीची लोकर घेऊन आला,
गादी भरावी तशी दाबदाबून बसवली.
दिवसा दोघं आळीपाळीने बसतात.
रात्रपाळी बहुतेक तिचीच.

रविवारी ओरोसिया येते, काठी टेकत,
माझ्या थर्मासमधली कॉफी संपवते,
एक डोळा मिटून बघते. परवा ओरडलीच:
"अरे उर्बेस, माझा मोजा!"
खरंच. लोकरीतून डोकावणारी लाल टाच.
फ्रान्सला गेलेल्या धाकट्या भावासाठी विणलेला,
वाळत घातला होता, दोरीवरून गेला.
त्याला तीन वर्षं झाली,
आणि तीन वर्षं ती शेजारच्या कितेरियाशी बोललेली नाही.

मार्च. बर्फ उतरतं तसे त्याखाली गाडले गेलेले
रानबोकड उघडे पडतात. तेच यांचं कोठार,
म्हणून थंडीत अंडी, नाहीतर कोण घालील?
चोपन्नाव्या दिवशी पहिलं पिल्लू.
सहा दिवसांनी दुसरं, मुठीएवढं, ओलं.
थोरल्याने त्याला टोचलं. पुन्हा टोचलं.
आई बघत होती. मग तिने मान वळवली.
तिसऱ्या दिवशी वहीत मी लिहिलं: एक.

ओरोसियाला समजावलं, दुसरं अंडं राखीव असतं,
पहिलं वाया गेलं तर.
"ते मला नको शिकवू," ती म्हणाली.
"आमच्याकडे घर एकालाच मिळतं. मी थोरली."
बराच वेळ तिने दुर्बीण सोडली नाही.
कॉफीही मागितली नाही.

जुलैत पिल्लू उडालं. नेमका त्या दिवशी
मी दात काढायला शहरात गेलो होतो.
परत आलो तर कपार रिकामी,
मोजा तिथेच.

कितेरियाच्या उंबऱ्यावर चीजचा एक गोळा होता,
चिठ्ठी नव्हती. माफी तर नव्हतीच.
ओरोसिया दारात सुया घेऊन बसलेली, निळी लोकर मांडीवर.
मान वर न करता म्हणाली,
"तुलूझचा पिनकोड शोधून दे.
पत्ता जुना आहे. असू दे."