भेट दिली, पंप चालू

इरुकपाडीच्या हातपंपाला
कागदावर मी अकरा वेळा भेटलो.
दर उन्हाळ्यात एक ओळ:
भेट दिली, पंप चालू.
खाली सही, सहीखाली
एटापल्लीच्या हॉटेलातल्या रश्श्याचा डाग.

तेव्हा रस्ता नाल्याच्या अलीकडेच संपायचा.
झाड आडवं, झाडाला लाल कापड,
कापडाखाली काय पुरलंय कोणाला ठाऊक.
साहेबच म्हणायचे, राहू दे, बायको-पोरं आहेत तुला.
होती जी. आहेत अजून.

यंदा पूल झाला.
मग गेलो. तिपाई, चेनपुली, सहा पाइप,
वॉशरचा अख्खा डबा घेऊन,
उशिरा आलेला पाहुणा जास्तीचे पेढे आणतो तसा.

गाव दोनदा उठलं होतं म्हणे.
एकदा यांच्या भीतीनं, एकदा त्यांच्या.
हे कोण अन् ते कोण,
मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.
कुडाच्या भिंती अजून ओल्या,
लिंपणात बायांची बोटं दिसतात.
कॅम्पची रेतीची पोती रिकामी करून, धुऊन,
त्यांवर मोहाची टोळी वाळत घातलेली.
शाळेच्या भिंतीतली भोकं मातीनं बुजवलीत,
पण माती वाळून पांढरी पडली, म्हणून मोजता येतात.
मोजली. सतरा.

पंपाला हॅण्डलच नव्हतं.
कोणी नेलं, विचारलं.
डुंगा मट्टामी पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाला,
लोखंड होतं ना जी.
तेव्हा लोखंडाला लय मागणी.

आणि वंजी पुंगाटी, डोक्यावर गुंडी तशीच ठेवून,
नदीच्या झिऱ्यावरून आलेली:
तूच काय रे तो, दरसाल येऊन जाणारा?
ग्रामसभेत सचिवानं रजिस्टर मोठ्यानं वाचलं होतं.
माझं नाव साऱ्या गावाला पाठ.
अकरा डाव येऊन गेलास,
अन् कुत्रं नाही भुंकलं एकदा पण?
पोरं हसली.
मी पाना शोधत राहिलो.
तो हातातच होता.

दुपारपर्यंत गंज, मग गढूळ,
मग पाण्यासारखं पाणी आलं.
कोणी आभार मानले नाहीत, बरं झालं.
वंजीनं तिपाईला हात लावून पाहिला.
हिच्यानं दगड उचलतो काय?

नवऱ्याचा दगड. कोपाचा.
तो गेला तेव्हापासून उभा करायचा राहिलेला,
कारण दगड रोवताना चार गावच्या पंगतीत
माणूस कसा गेला ते सांगावं लागतं.
आता काय सांगणार, मी विचारलं.
ताप आला होता म्हणू, ती म्हणाली.
यावर मात्र पोरंही हसली नाहीत.

म्हातारे तिपाईला नाही म्हणाले.
दगड खांद्यावरूनच जातो, चेननं नाही.
आठ खांदे लागतात. सात होते.
गोटुलच्या मागं, सगळ्यांपासून जरा दूर,
लालसू बसला होता, मागच्या साली परतलेला,
निळ्या प्लास्टिकच्या फाइलीत
परतल्याचं प्रमाणपत्र घेऊन.
तो उठला.
कोणी बोलावलं नाही, कोणी अडवलंही नाही.
वंजी त्याच्याकडं बघत नव्हती,
दगडाकडं बघत होती, मग बांबूकडं,
मग म्हणाली, त्या टोकाला धर, तिकडं जड आहे.

मी चेनपुली गाडीत टाकली.
बॉनेटवर रजिस्टर उघडलं.
पाइप सहा. वॉशर दोन. हॅण्डल नवं.
शेरा: भेट दिली, पंप चालू.
तीच ओळ, तेच अक्षर.
कोणी ओळखणार नाही वेगळी म्हणून.

पुलापर्यंत आलो आणि गाडी वळवली.
म्हटलं, एकदा हॅण्डल मारून बघावं, चेपलं तर नाही ना.
अंधार पडला होता. कोणीतरी आधीच पाणी उपसत होतं,
दिसलं नाही कोण.
या वेळी कुत्रं भुंकलं.