रकाना सत्तेचाळीस

चोडणच्या धक्क्यावर फेरीची लोखंडी फळी आपटते
तेव्हा साडेआठ झालेले असतात.
मी स्कूटर ढकलत चढते.
हेल्मेट काढत नाही, काच तेवढी वर.

पणजीत, सांतिनेजच्या एका अरुंद जिन्याने वर,
माझं काम: खेळातल्या माणसांना बोलतं करणं.
खेळाडू समोर आला की कोण काय म्हणेल
त्याचा हा लांबलचक तक्ता. ओळी माझ्या.

अंगाला चिखल असेल तर खाणावळवाली:
"पाय धुऊन ये, मग बस."
तलवार उपसलेली असेल तर न्हावी:
"आधी ती खाली ठेव. मग दाढी."
राजाचा अंगरखा चोरून घातला असेल
तर शिंपी शिवण ओळखतो,
बोलत नाही, दर वाढवतो.
आणि नागडा हिंडत असेल,
हिंडतातच, पहिल्या तासात सगळे,
तर पाद्रीबाब छत्री उघडून आडवी धरतात.

त्या छत्रीवर एल्रॉय इतका हसला
की चहा सांडला कीबोर्डवर.

मग मार्चमध्ये चेहरा घडवायच्या पानावर
नवीन पट्ट्या आल्या: नाक, जबडा, व्रण,
आणि सगळ्यात खाली, कोड.
सरकवली की ओठांपाशी पांढरं उमटतं,
पापणीवर, बोटांच्या पेरांवर.
एल्रॉयने माझ्याकडे न बघता बनवली होती ती.
न बघता बरोबर जमली होती.

रकाना सत्तेचाळीस: डाग असतील तर कोण काय म्हणेल?
कोरा. माझ्यासाठी सोडलेला.

बसले, आणि अर्ध्या तासात वीस ओळी झाल्या.
एकही सुचावी लागली नाही.
दुकानदार सुटे पैसे हातावर ठेवत नाही, काचेवर ठेवतो.
"मासे खाऊन वर दूध प्यायली असणार."
"आमच्या ओळखीत एक वैद्य आहेत, सावर्ड्याला."
"पोरगी गुणी आहे हो, पण."
पणनंतरचा पूर्णविराम माझा.
लोक तिथे नुसते थांबतात.

तन्वेशने खेळून बघितलं.
तिसऱ्या गल्लीत हेडफोन उतरवला.
म्हणाला, खरं वाटतं गं,
पण पुढे जाववत नाही.

पुसल्या. वीसच्या वीस.
मग कोणीच काही बोलेना.
सगळे माझ्या, म्हणजे खेळाडूच्या,
कपाळावरच्या एका ठिपक्याकडे बघत बोलू लागले,
जसं बँकेत बोलतात, फार सभ्यपणे.
तेही ओळखीचं. ते तर जास्तच.

त्या संध्याकाळी फेरीवर वारा होता. हेल्मेट काढलं.
दोर गुंडाळता गुंडाळता बोस्त्यांवने बघितलं,
सरळ बघितलं, चोरून नाही:
"केंस कातरले गो? कित्याक? लांब बरे दिसताले."
चार दिवस झाले होते कापून.
घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

रात्री तक्ता उघडला.
फेरीवाल्यापुढे लिहिलं:
कालच्यापेक्षा जे वेगळं असेल तेवढ्याबद्दलच बोलावं.
केस, जखम, नवी चप्पल, लंगडणं.
डाग काल होते, आज आहेत.
त्यात बातमी काय?

आणि गल्लीत गजगे खेळणारी जी मुलगी आहे
तिला एकच प्रश्न ठेवला,
माझ्या भाचीने विचारलेला,
चिंच चोखता चोखता: "दुखतं?"
उत्तराला दोन बटणं. नाही. कधीकधी.
शेजारी जाड अक्षरात अट:
हे वाक्य एकदाच. उत्तर लक्षात ठेवणे.
दुसऱ्या भेटीत तिने म्हणावं,
माझे गजगे मोज, एक कमी येतोय.

आज तन्वेशची तक्रार आली, तांबड्या रंगात:
"फेरीवाला डागांवर काहीच बोलत नाही. दुरुस्ती?"
मी लिहिलं, नको.
मग थोडं थांबून:
केस कापून जा त्याच्यासमोर.