तीन टिक

सातपूर. रात्रपाळी. दोन वाजून गेलेले.
चाकणची गाडी गेटवर
इंजिन चालू ठेवून उभी.
डिस्पॅचचे खैरनार दर दहा मिनिटांनी येऊन
काचेवर किल्लीने टकटक करून जात होते.

टेबलावर शाफ्टचा शेवटचा खोका.
एकोणतीस वर्षं मी याच टेबलाशी बसतो,
माझ्या सहीला कुणी प्रश्न विचारत नाही.

समोर वृषाली गांगुर्डे,
आयटीआयची अप्रेंटिस, अजून विशीही नाही,
निळा एप्रन दोन मापं मोठा,
बाह्या दुमडून सेफ्टीपिनने टाचलेल्या.
तिने माप घेतलं. दोन शतांश जास्त.
नग पुसला, परत घेतलं.
दोन शतांशच.

मी म्हणालो, अगं, केसाचे चार उभे भाग कर,
त्यातला एक, एवढंच तर आहे.
लिही पंचवीस पूर्णांक शून्य दोन, मी सही करतो.
इतक्या सहज म्हणालो,
जसं कुणी म्हणावं, चहात साखर जरा जास्त टाक.

ती वाद घालत बसली नाही.
फडक्यावर मायक्रोमीटर अलगद ठेवून
माझ्याकडे सरकवला.
"सर, तुम्ही बघा ना एकदा.
माझाच हात चुकत असेल."

मी रॅचेट फिरवलं.
टिक. टिक. टिक.
शून्य चार.
मग बोटं आपसूक रॅचेट सोडून
थिंबलवर सरकली,
जरासं आवळलं,
आणि आकडा आला हवा तसा. शून्य दोन.

ती बघत होती.
आकड्याकडे नाही, माझ्या बोटांकडे.

जूनमध्ये, तिच्या पहिल्याच दिवशी,
मीच सांगितलं होतं:
तीन टिक वाजले की थांबायचं.
पुढे आवळलंस तर येतं ते माप
लोखंडाचं नसतं, आपल्या मनातलं असतं.
तिने ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवलेलं,
तारखेसकट. खाली कंसात: पगार सर.
मला वाटत होतं
मी फक्त हत्यार धरायला शिकवतोय.

लहानपणी वडिलांचं बोट धरून
गोदेचा पूर बघायला जायचो.
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला, छातीला.
दोन तोंडांचा तो,
पण सांगायचा एकच.
आणि भांडीबाजारातल्या कुणीही कधी त्याला म्हटलं नाही,
देवा, आज जरा उंच हो,
माल हलवायचा राहिलाय.

मी शून्य चार लिहिलं. सही केली.
खोका लाल पट्ट्याच्या आत गेला.
खैरनार जे बोलले
ते कवितेत बसत नाही.
माझ्या फायलीत त्या तारखेचा एक मेमो आहे.
वृषालीच्या फायलीत काही नाही,
मी तेवढं बघून घेतलं.

सकाळी त्र्यंबक रोडला, बसची वाट पाहत,
ती टपरीवर पाव चहात बुडवून खात होती.
रात्री काही घडलं
असं तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं.
पाव तुटून ग्लासात पडला
तेव्हा मात्र ती हळहळली.

पुढच्या वर्षी मी रिटायर होईन.
शाल, नारळ, आणि कुणीतरी माईकवर म्हणेल,
नव्या पोरांनी यांच्याकडे बघून शिकावं.
म्हणू देत.

नवी बॅच आली की अजूनही तेच सांगतो,
तीन टिक, मग थांबा.
फक्त हल्ली सांगताना
माझी नजर
माझ्याच बोटांवर असते.