फुटामागे एक सूत

ते मशीन मी कधी पाहिलंच नव्हतं.
स्टँडमागच्या बोळात, हिंदुराव नेजकरांच्या
पत्र्याच्या शेडात ते होतं,
आणि त्या शेडात पोरी जात नव्हत्या.

इंद्या जायचा.
चार नाणी, चार डाव,
आणि परत आला की चपला काढायच्या आधीच सुरू:
"अक्का, बुडी मारणारा गडी हाय.
मासा डावीकडनं येतोय, थांबतच न्हाई.
मोती उचलला की टुंग वाजतंय,
घंटेसारखं न्हवं,
सायकलच्या तारेला नख लावल्यागत."

मी लिहून घ्यायचे.

घरात रबरी बटणांचा कॉम्प्युटर होता,
सांगलीच्या मावसकाकांनी कंटाळून दिलेला.
अठ्ठेचाळीस के. त्यातले सात पडद्यानंच खाल्लेले.
उरलेल्यात समुद्र बसवायचा होता.

आलेखाच्या वहीत आठ बाय आठची घरं.
एका घरात दोनच रंग राहू शकतात,
तिसरा आला तर भिंतीजवळून जाणारा मासा
भिंतीचाच होऊन जातो.
हे पुस्तकात वाचलेलं. आमचा टीव्ही काळापांढरा.
दोन म्हणजे लाल, पाच म्हणजे आकाशी,
असं पाठ करून मी पाणी रंगवलं,
करड्यावर करडं.

अण्णा उद्यमनगरात पॅटर्न करायचे, सागवानाचे.
त्यांची पट्टी खोटी होती,
तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा मोठा.
ओतलेलं लोखंड निवताना आकसतं,
फुटामागे एक सूत.
"जे जाणार हाय ते आधीच धरून चाल," म्हणायचे,
आणि रंध्यावर फुंकर मारायचे.

माझं बरंच जाणार होतं.
लाटा बारा होत्या, तीन ठेवल्या.
गाणं काढलं, टुंग ठेवलं.
ऑक्टोपसचे पाय पाचावर भागवले.
इंद्या पडद्याला नाक लावून म्हणाला,
"चालतंय की. हालतोय न्हवं?"

आत्याच्या लग्नाची कॅसेट पुसून तीवर साठवला.
लोड होताना चार मिनिटं किंचाळायची,
लाईट गेली की परत पहिल्यापासून.
आणि खेळ संपला की उरलेल्या फितीवर
एकदम सनई.

चौथ्या पातळीला सगळ्यात जास्त जागा लागली.
इंद्यानं ती तीन संध्याकाळी सांगितली:
पाण्याखाली दगडी मंडप,
खांबाखांबांतून हिरवट अंधार,
पायऱ्या कुठं जातात दिसत न्हाई,
आणि गड्याला वर यायचं नसतं.
"नसतं म्हणजे?"
"म्हणजे येता येतं. पर येऊ वाटत न्हाई."
हे मशीनच्या भाषेत कसं लिहायचं
यात माझी दिवाळीची सुट्टी गेली.
शेवटी वर जायचं बटण जरा उशिरा ऐकेल असं केलं.

परवा इंद्याच्या पोरीनं मूळ खेळ
मोबाईलवर शोधून काढला.
मी चष्मा पुसून बसले.
लाटा खरंच बारा.
एक पातळी, दुसरी, तिसरी,
आणि मग पुन्हा पहिली, फक्त मासे जोरात.
पुन्हा. आणखी जोरात.
मंडप कुठंच नाही.

इंद्यानं सुपारी तोंडात टाकली. कातरलेली, बारीक.
"नाणी तिसऱ्यालाच संपायची, अक्का.
लवकर घरी आलो असतो
तर अण्णांनी भुसा भरायला लावला असता.
मग रंकाळ्यावर बसायचो."

संध्यामठ.
पावसाळ्यात बुडतो, उन्हाळ्यात गुडघाभर वर येतो.
मी तो रोज बघत होते कॉलेजला जाताना,
आणि वहीत उतरवला तेव्हा ओळखला नाही.

पोरीनं माझी कॅसेटही वाजवली,
कुठल्या तरी तारेनं तिच्या मोठ्या पडद्यावर.
सगळे रंग. पहिल्यांदाच.
पाच खरंच आकाशी निघाला.
गडी खाली उतरला,
एका खांबाजवळून गेला
आणि खांबाएवढाच हिरवा झाला,
कुठं संपतो ते कळेना.

इंद्या पुढं वाकला.
"हे," तो म्हणाला, "मी सांगितलं न्हवतं."