सहा नळ

खाण बंद पडून बरीच वर्षं झाली,
तिचे पाण्याचे नळ मात्र शाबूत होते,
टेकडीच्या उतारावर रानमोडीखाली आडवे,
जस्ताच्या राखी कातडीवर तांबड्या धुळीचं पुट.
पोरांनी विचारून-सवरून ते पिकअपात घातले
आणि रिवणला माझ्या शेडपुढे आणून टाकले.
"बाय, आयतवारी मॅच. दोन्ही बाजूंचे गोलपोस्ट हवेत."

शुक्रवार होता. दुपारचे चार.

आधी मी नळांची तोंडं पाहिली.
एकात कुंभारमाशीचं घर.
एकाला दोन्हीकडून लाकडाची बुचं,
ती काढली. कोंडलेली हवा तापली
की समोर कोण उभं आहे ते बघत नाही.

मग ग्राइंडर.
जोड येणार तिथून चार बोटं अलीकडे, चार बोटं पलीकडे
जस्त खरवडायचं, खालचं लोखंड उघडं पडेपर्यंत.
हात जाईल तितकं आतूनसुद्धा.
"आतलं कोण बघतंय?" जुझेचा धाकटा म्हणाला.
मी त्याच्या हातात कानस दिली.

आमचे बाबा, नरसू मेस्त, असलं काही करत नसत.
रॉड थेट राखी कातडीवर टेकवायचे.
हिरवट ज्वाळा, पांढरा धूर,
आणि मग सावरीच्या म्हाताऱ्या सुटल्यासारखे
पांढरे पुंजके शेडभर तरंगायचे.
मी सहा वर्षांची. त्यांच्यामागे धावायचे.
ओंजळीत धरायचे.

संध्याकाळी त्यांच्या तोंडाला नाणं चोखल्यासारखी गोडसर चव.
रात्री दात वाजायचे, दोन गोधड्यांवर गोणपाट,
आई पेज भरवायची, अर्धी उशीवर सांडायची.
सकाळी उठून परत कामाला.
"हिंवताप," म्हणायचे. रक्त तपासलं तर त्यात काहीच नसायचं.

आणि दूध!
काम धरण्याआधी तांब्याभर दूध, एका दमात.
मेस्तांच्या तीन पिढ्यांनी म्हशींवर केवढा विश्वास टाकला.
दूध पोटात जातं, बाबा.
धुराची वाट वेगळी.
आयटीआयतून आल्यावर मी हे बोलले
तेव्हा ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता ते फणसाखाली खुर्ची टाकून बसतात,
माझं काम बघत, खोकत.
खुर्ची वाऱ्याच्या अंगाला मी सरकवते.
ते परत मागे ओढतात. मी परत सरकवते.

जोड मी उघड्यावरच केले.
वारा बगलेतून येईल अशी उभी राहिले,
काचेआड जाळीचा मास्क, गालांवर त्याचे वळ,
तरी कुठे राहिलेलं जस्त तडतडलं
की थांबायचं, मागे व्हायचं,
पुन्हा ग्राइंडर.
पोरं घड्याळ दाखवत होती.
मी त्यांना आठ पावलं लांब उभं केलं
आणि घड्याळाकडे पाठ.

शनिवारी रात्रीपर्यंत एकच गोल उभा राहिला.
सोललेल्या जागी जस्ताचा रंग फासला,
नाहीतर पावसाळा पहिला तिथेच चावतो.
रविवारी एका टोकाला माझे नळ,
दुसऱ्या टोकाला दोन बांबू आणि सुंभ.
मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, म्हणून भांडण झालं नाही.
गोलकीपरच्या तळव्यांना ओला रंग लागला,
त्याने तो जर्सीला पुसला. आई मारेल त्याला.

रात्री बाबांनी माझ्या कपाळावर हात ठेवला.
"ताप?"
"नाही."
बराच वेळ हात तिथेच होता.
"मग," ते म्हणाले, "काम बेताचंच झालं असणार."